काळाच्या आतली नायिका: मुलांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसताना

मुलांसाठी इतिहासातली गोष्ट लिहायची आणि तिची नायिका मुलगी असायची, असं ठरलं की बहुतेक नवे लेखक दोन वाटांपैकी एक धरतात. एक तर मुलीच्या हाती तलवार देतात, नाहीतर तिच्या तोंडी आजचं भाषण घालतात. तलवारीबद्दल माझी तक्रार नाही. राजाराम महाराज गेले तेव्हा ताराबाई पंचविशीत होत्या आणि पुढे त्यांनी औरंगजेबाशी लढा चालवला, हे मुलांना कळायलाच हवं. पण आपल्या इतिहासातल्या बहुतेक मुलींच्या हाती कधी शस्त्र आलं नाही. त्यांच्यापुढे उंबरठा होता, जातं होतं, सासर होतं, पाणवठा होता आणि कुठे उभं राहायचं, कुठे नाही याचे कडक नियम होते. त्या नियमांतून ज्या मुलीनं वाट काढली, तिचं धैर्य मला लढाईतल्या धैर्याइतकंच मोलाचं वाटतं. मुलांच्या पुस्तकांत ते फार कमी येतं.

नायिकेचं बळ तिच्या काळाच्या आतून यायला हवं, एवढं एकच मला या लेखात पटवायचं आहे. आजचं बळ तिच्या अंगात भरलं तर ती खरी वाटत नाही, आणि मुलं असला खोटेपणा लगेच ओळखतात. खाली पायऱ्या दिल्या आहेत. सगळ्या पायऱ्या एकाच उदाहरणावर चढू, म्हणजे काम प्रत्यक्ष कसं चालतं ते दिसेल.

पहिली पायरी: काळ लहान करा

“पेशवाईतली गोष्ट” किंवा “इंग्रजांच्या काळातली गोष्ट” हा विषय होत नाही. एक गाव, एक ऋतू, जमलं तर एक पेठ, एवढं छोटं घ्या. पहिलं पुस्तक असेल तर दोन-तीन महिन्यांपलीकडे जाऊ नका.

आपण पुणे घेऊ, फेब्रुवारी-मार्च १८५५. हाच काळ का? ‘ज्ञानोदय’ या वर्तमानपत्राच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला: ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती आणि वय चौदाच्या आसपास होतं. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिनं त्यात विचारला आहे. तिच्या समाजातल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर धड छप्परही नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, असंही ती लिहिते. चौदा वर्षांच्या मुलीनं हे लिहिलं आणि ते छापलं गेलं, एवढ्या एका घटनेभोवती अख्खी कादंबरी उभी राहू शकते.

काळ ठरला की लगेच एका कागदावर दोन रकाने पाडा: तेव्हा काय होतं आणि काय नव्हतं. दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा, कारण चुका तिथूनच शिरतात. १८५५ च्या पुण्यात आगगाडी नाही. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, पण पुण्याला रूळ आले १८५८ मध्ये, आणि बोरघाटातून सलग प्रवास त्यानंतर काही वर्षांनी, १८६३ पासून. शनिवारवाडा उभा आहे, पण आतल्या इमारती १८२८ च्या आगीत जळून गेल्या आहेत. सार्वजनिक गणेशोत्सव अजून जवळपास चाळीस वर्षं लांब आहे. सत्यशोधक समाज १८७३ चा. अस्पृश्य मानलेल्यांसाठी जोतीरावांनी स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद खुला केला तो १८६८ मध्ये. ‘महात्मा’ ही पदवी त्यांना १८८८ ची, त्यामुळे तुमच्या कथेतल्या कुणाच्याही तोंडी ती येता कामा नये. आणि घरात पाहुणा आला म्हणून कुणी चहा टाकत नाही. गूळ-पाणी द्या.

पैशांचंही तसंच. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. वेळ घटका आणि प्रहरांत मोजली जाते: घटका चोवीस मिनिटांची, प्रहर तीन तासांचा. “पाच मिनिटं थांब” असं तेव्हाची आजी म्हणणार नाही. महिना माघ-फाल्गुन, शके १७७६, आणि पाडवा उलटला की १७७७. जुनं पंचांग मिळालं तर तिथी जुळवून घ्या, कारण रात्रीच्या प्रसंगात आकाशात चंद्र होता की नव्हता हे त्यावरून ठरतं, आणि कुणाला नकळत कुठे जायचं असेल तर त्यावर सगळं कथानक अडतं.

अजून एक गोष्ट टिपून ठेवा: वयं. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. म्हणजे १८४८ मध्ये भिडेवाड्यातल्या शाळेत शिकवू लागल्या तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या, आणि आपल्या गोष्टीत चोवीस. तसबिरीतल्या प्रौढ बाई डोळ्यांपुढून काढा. वर्गात शिरणारी बाई आपल्या कॉलेजातल्या मुलींच्या वयाची आहे हे लक्षात आलं की प्रसंग आपोआप वेगळे लिहिले जातात.

दुसरी पायरी: नायिका खरी की कल्पित?

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या पुस्तकात नायिका कल्पित ठेवा आणि खऱ्या व्यक्ती तिच्या आजूबाजूला.

मुक्तालाच नायिका करायचा मोह होतो, हे मला समजतं. पण तिच्याविषयी त्या निबंधापलीकडे फार थोडी नोंद आहे. जिथे नोंद नाही तिथे तुम्ही साहसं घालाल, आणि वाचणारं मूल ती साहसं खरी समजून आयुष्यभर बरोबर नेईल. ज्या मुलीनं स्वतःच्या हातानं स्वतःचं म्हणणं लिहून ठेवलं, तिच्या आयुष्यात आपल्या पदरचं घालणं मला अन्यायाचं वाटतं. तिच्या वर्गात, दोन ओळी मागे बसणारी एक मुलगी मात्र तुमची. तिला हवं ते घडू द्या.

तिचं नाव ठेवू भागू. वय अकरा. बाप दोर वळतो, आई केरसुण्या बांधते. मांग समाजाच्या परंपरागत कामांपैकी ही दोन. अंबाडीचा किंवा घायपाताचा वाख, म्हणजे दोराचे तंतू, आणि त्याची गुरं बांधायची दावी, कासरे, नाडे, चऱ्हाटं. भागूला वाख सोलता येतो, पीळ देता येतो, गाठ मारता येते. हे सगळं तिच्या बळाचं भांडवल आहे. नायिकेला येणाऱ्या कामांची अशी यादी आधीच करून ठेवा, कारण कथेतला पेच तिनं तिला जे येतं त्यातूनच सोडवायला हवा.

काळ दुसरा निवडलात तरी हीच रीत चालते. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या काळात, १९४३ ते १९४६ मध्ये, भाकरीच्या टोपलीतून निरोप नेणारी पोर घ्या. १९५५ ते १९६१ या वर्षांत गोव्याच्या सीमेवरच्या रानातून पोर्तुगिजांविरुद्ध गुप्त रेडिओ चालत होता आणि लिबिया लोबो तो चालवणाऱ्यांत होत्या. तो चोरून ऐकणाऱ्या घरातली मडगावची मुलगी घ्या. लिबिया लोबो आवाजापुरत्या, गोष्ट त्या मुलीची.

तिसरी पायरी: कुंपण आखा, मग फट शोधा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. बाकी सगळं यावर उभं राहतं.

नायिकेच्या दिवसाचा नकाशा काढा. सकाळी उठल्यापासून ती कुठे कुठे जाते, कोणत्या जागी तिला थांबावं लागतं, कशाला हात लावायचा नाही, कुणाशी किती अंतरावरून बोलायचं, कुणी हाक मारली तर काय उत्तर द्यायचं. भागूसाठी हा नकाशा क्रूर आहे. पेठांतल्या हौदांना कात्रजचं पाणी येतं, पण त्या हौदांवर तिला मज्जाव आहे. दुकानाची पायरी ती चढू शकत नाही. पैसे तिच्या ओंजळीत वरून टाकले जातात. ती मुलगी आहे म्हणून घरातही तिची पाळी शेवटची, आणि अकरा वर्षांची आहे म्हणजे लग्नाची बोलणी कधीही सुरू होतील.

आता फट. एवढ्या बंदीत तिच्यापुढे मोकळं काय आहे? वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, १८५२ मध्ये फुल्यांनी महार-मांग मुलांसाठी शाळा काढली होती. आपली भागू तिथे जाते असं धरू. म्हणजे तिला अक्षर येतं. बापाला येत नाही.

पेच इथे सापडतो. रविवार पेठेतला एक दुकानदार दर खेपेला दावी घेतो आणि किती घेतली याची चिठ्ठी देतो. हिशेब सणाला. बाप त्या चिठ्ठ्या आढ्याला खोचून ठेवतो. त्या चिठ्ठ्यांवर खरे आकडे आहेत का? भागू एक चिठ्ठी काढते, उलगडते, आणि तिला वाचताच येत नाही.

का? शाळेतलं छापील पुस्तक बाळबोध लिपीत, म्हणजे देवनागरीत आहे. हातानं लिहिलेला व्यवहाराचा कागद मोडी लिपीत. कथेला इथे जे वळण मिळतं ते डोकं खाजवून सुचणारं नाही, ते त्या काळानंच आपल्या हाती दिलं आहे. शाळेत जाणं म्हणजे सगळं वाचता येणं नव्हे, हे भागूला कळतं आणि तिच्याबरोबर वाचकालाही. तिला आता मोडी शिकवणारं माणूस हवं.

शिक्षक कोण असावा? सोपी वाट म्हणजे सावित्रीबाईंनीच शिकवणं. तसं करू नका. मोठी माणसं पेच सोडवायला लागली की नायिका प्रेक्षक होते. मी इथे दुसरी मुलगी आणेन. भागूची आई वाड्यांच्या मागच्या दारी केरसुण्या देते. एका वाड्यात तेरा वर्षांची बालविधवा आहे, गोदा. तिचे काका कारकून, त्यांच्या शेजारी बसून लहानपणी ती मोडी पाहत शिकली. आता ती मागच्या अंगणाबाहेर जाऊ शकत नाही. विधवाविवाहाचा कायदा यायला अजून सव्वा वर्षाहून जास्त काळ आहे, आणि आल्यावरही तिच्या घराचं दार लगेच उघडणार नाही. दोघींच्या मध्ये अंगणाचं अंतर आहे, शिवायचं नाही. गोदा काडीनं धुळीत अक्षर काढते, भागू लांबून पाहते आणि आपल्या बाजूच्या धुळीत गिरवते. कुणी आलं की पायानं पुसायचं.

दोन मुली, दोन वेगळी कुंपणं. एकीकडे पाय मोकळे आहेत पण पायरी बंद, दुसरीकडे पायरी आपलीच पण पाय बांधलेले. मुलांना विषमता समजावून सांगायला याहून जास्त काही लागत नाही, आणि एकही वाक्य उपदेशाचं लिहावं लागत नाही.

चौथी पायरी: साहित्य कुठून आणायचं

आधी त्या काळातल्या माणसांनी लिहिलेलं वाचा, त्यांच्याविषयी नंतर लिहिलेलं मागाहून. मुक्ताचा निबंध छोटा आहे, तो तीन-चारदा वाचा. सावित्रीबाईंनी १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र वाचा. माहेरी भावाशी झालेला वाद त्यात आहे, सोबत काम करणाऱ्या फातिमाचं नाव आहे, आणि आजारातही कामाची काळजी आहे. महाराष्ट्र शासनानं फुले दांपत्याचं समग्र वाङ्मय प्रसिद्ध केलं आहे, ते मोठ्या वाचनालयांत मिळतं.

शब्द तपासायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे आपल्या गोष्टीहून फक्त दोन वर्षांनी पुढची, आणि तो इंटरनेटवर फुकट शोधता येतो. एखादा शब्द त्या काळी होता का, कोणत्या अर्थानं होता, हे त्यात बघा. घरातल्या वस्तू, शेतीची अवजारं, मापं, म्हणी, सगळं त्यात भरलेलं आहे. मी तर म्हणेन की कथानक अडलं की कोश उघडून दोन पानं नुसती वाचत बसा. दावं, शिंकं, उतरंड, ओटी अशा शब्दांतून घर दिसायला लागतं.

पेठा, बाजार, पाणी, रस्ते, धंदे यांसाठी पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर आहे, १८८५ चं. ते तीस वर्षं पुढचं आहे हे मात्र विसरू नका. त्यातलं सगळं १८५५ ला लागू होत नाही. वर्तमानपत्रांत ‘ज्ञानोदय’ आणि १८४९ पासून पुण्यात निघणारा ‘ज्ञानप्रकाश’.

बायकांचा आवाज छापील कागदात फार कमी सापडतो. त्यासाठी जात्यावरच्या ओव्या. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या ऐकायला-वाचायला इंटरनेटवर उपलब्ध आहेत. त्या विसाव्या शतकात नोंदलेल्या आहेत, त्यामुळे पुरावा म्हणून वापरू नका. पण भाऊ, माहेर, वाट, पाऊस यांच्याविषयी बाई स्वतःशी कशी बोलते, तिचा श्वास कुठे तुटतो, हे कानात बसवायला त्यांच्याइतकं काही नाही.

आणि पायांनी फिरा. गंज पेठेतला फुले वाडा पाहा. भिडेवाडा २०२३ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला गेला, पण त्या जागी उभं राहून अंतरं मोजता येतात: शाळेपासून नदी किती, रविवार पेठ किती, डोक्यावर ओझं घेऊन किती वेळ लागेल. राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, भांडी, कुलपं जवळून बघा आणि एखाद्या वस्तूचं चित्र वहीत काढा. चित्र काढताना डोळा जे टिपतो ते फोटो काढताना निसटतं.

एक सावधगिरीची सूचना. गोळा केलेल्या माहितीतली फार थोडीच पुस्तकात येईल, बाकीची वहीत राहू द्या. हौदांची योजना कुणी केली, खर्च किती आला, हे भागूला ठाऊक नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की पाणी वाहतंय आणि तिला ते घेता येत नाही.

पाचवी पायरी: निर्णय तिचा, किंमतही तिची

कथानकाचा सांगाडा चार-पाच ओळींत मांडता आला पाहिजे. आपला असा: भागूला संशय येतो. ती मोडी शिकते. चिठ्ठ्या वाचते, तेव्हा कळतं की दोन कोडी (कोडी म्हणजे वीस) दावी दिली त्या दिवशी चिठ्ठीवर दीडच लिहिली आहेत, आणि हे अनेकदा झालंय. आता काय?

इथे नवा लेखक भागूला दुकानासमोर उभी करून बोलायला लावतो, दुकानदार शरमतो, लोक टाळ्या वाजवतात. असं झालं नसतं, आणि झालं असतं तर तिच्या बापाला मार बसला असता. तिचं बळ तिच्या धोरणात दाखवा. ती प्रत्येक खेपेला दोराला गाठी मारून खूण ठेवायला लागते. वीस दाव्यांना एक मोठी गाठ. पुढच्या खेपेला ती बापाबरोबर जाते, चिठ्ठी हातात पडताच ती वाचते, मोठ्यानं, अदबीनं, जणू बापाला सांगते आहे अशी. पेठेतले दोन गिऱ्हाईक ऐकतात. दुकानदार म्हणतो, लिहिताना चुकलं, आणि आकडा दुरुस्त करतो.

मग किंमत येते. पुढच्या आठवड्यात तो दावी घेत नाही. घरात चूल थंड होते. आई म्हणते, कुणी सांगितलं होतं वाचायला? बाप गप्प आहे. वाड्यात गोदाच्या हातावर धूळ सापडते आणि मागचं दार बंद होतं. हा भाग वगळू नका, घाईनं उरकूही नका. मुलांना धाडसाची किंमत दिसली नाही तर धाडसच दिसत नाही. नंतर दुसरा गिऱ्हाईक मिळू शकतो, शेजारचे चारजण आपापल्या चिठ्ठ्या घेऊन भागूकडे येऊ शकतात, आणि वर्गात मुक्ता आपला निबंध वाचताना भागूला प्रथमच जाणवतं की आपल्या घरातली गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी आहे. पण गोदाचं दार शेवटपर्यंत उघडू नये, असं मला वाटतं.

प्रत्येक प्रकरण झालं की एक प्रश्न स्वतःला विचारा: या प्रकरणात तिनं स्वतः काय ठरवलं? उत्तर “काही नाही” असेल तर ते प्रकरण तिचं नाही.

सहावी पायरी: बोली आणि संवाद

जुनेपणा आणण्यासाठी “जाहलें”, “करितां जाहला” असली भाषा पानभर पेरू नका. ती कागदावरची भाषा होती. घरात कुणी तसं बोलत नव्हतं, आणि दहा वर्षांचं मूल दुसऱ्या पानावर पुस्तक मिटेल. निवेदन साध्या, स्वच्छ आजच्या मराठीत ठेवा. काळ वस्तूंमधून येऊ द्या.

बापलेकीचा संवाद बघू. आधी टाळायचा नमुना:

“बा, मी मुलगी आहे म्हणून मला कमी समजू नका! शिक्षण हा माझा हक्क आहे!” भागू गरजली.

आणि आता दुसरा:

बाप दोर वळत होता. भागूनं आढ्याची चिठ्ठी काढली.
“ठेव ती जागेवर. कामाचा कागद हाय.”
“बा, ह्यात काय लिवलंय?”
“आपल्याला काय करायचंय? शेटजीला ठावं.”
“परवा आपली दावी किती गेली?”
“दोन कोडी.”
“मग कागदालाबी तेवढंच ठावं पायजे.”
बापाचा हात थांबला.

दुसऱ्या नमुन्यात हक्क हा शब्द नाही, पण हक्काची मागणी आहे.

बोलीविषयी एक आग्रह. भागूच्या घरच्यांनाच बोली आणि वाड्यातल्यांना प्रमाण मराठी, असं करू नका. त्यानं नकळत एक घर शहाणं आणि एक घर अडाणी ठरतं. गोदाच्या घरचीही बोली आहे, तिच्या आजीचे हेल आहेत, सोवळ्या-ओवळ्याचे शब्द आहेत. तेही कान देऊन लिहा. आणि कोण कुणाला काय म्हणतं ते आधी ठरवा. भागू गोदाला नावानं हाक मारू शकत नाही. गोदा मात्र मारू शकते. एखाद्या प्रकरणात गोदा म्हणते, “मला नावानं हाक मार ना,” आणि भागूला ते जमत नाही. एवढ्याशा प्रसंगात किती सांगता येतं ते बघा.

सातवी पायरी: दुःख किती दाखवायचं

पालक, शिक्षक, प्रकाशक सगळे हा प्रश्न विचारतील. लपवू नका, पण भरडूही नका. नऊ ते बारा वर्षांच्या वाचकाला अन्याय समजतो. त्याला अंगावर येणारी मारहाण पानभर वाचायची गरज नसते.

शिव्या आणि जातिवाचक अपमान निवेदकाच्या तोंडी कधीही घालू नका. अपमान कृतीतून दाखवा: वरून टाकलेलं नाणं एका बाजूला घरंगळतं आणि भागूला ते सगळ्यांसमोर शोधावं लागतं. जातींची नावं त्या काळच्या निबंधात, शाळेच्या नावात आहेत, ती इतिहास म्हणून येतील. ती का आली हे शेवटच्या टिपेत सांगा. बालविवाह, केशवपन याही गोष्टी मुलीच्या नजरेच्या उंचीवरूनच दिसाव्यात. गोदाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला असतो, आणि वारा आला की तिचा हात आधी पदराकडे जातो. मूल विचारेल, का? तेव्हा घरातल्या मोठ्या माणसानं उत्तर द्यावं.

भागूला सतत सोसणारी करू नका. ती हसते, चिंचा पाडते, धाकट्या भावाला फसवते, वर्गात कंटाळते. जे लेखक तिच्या समाजातले नाहीत त्यांच्याकडून ही चूक जास्त होते: माणूस राहतच नाही, फक्त दुःख उरतं. हस्तलिखित तयार झालं की ज्या समाजाविषयी लिहिलंय त्यातल्या जाणत्या वाचकाला ते द्या, त्याच्या वेळेचं मानधन द्या आणि तो जे सांगेल ते ऐका.

आठवी पायरी: खऱ्या व्यक्तींना पानावर आणताना

सावित्रीबाई तुमच्या पुस्तकात असतील, पण थोड्या वेळासाठी. त्यांच्या तोंडी कल्पित वाक्यं घालायचीच असतील तर रोजची, वर्गातली घाला: पाटी नीट धर, पुन्हा वाच, काल का आली नाहीस. त्यांच्या नावावर नवे विचार, नवी भाषणं रचू नका. असली वाक्यं नंतर फलकांवर आणि मोबाइलवर खरी म्हणून फिरतात, आणि ती मागे घेता येत नाहीत. मुक्ताच्या निबंधातलं काही द्यायचं असेल तर शब्द न बदलता द्या.

त्यांना देवत्वही देऊ नका. घामेजलेली, दमलेली, चोवीस वर्षांची शिक्षिका मुलांना जवळची वाटते.

नववी पायरी: खर्डा, कात्री, मुलं

नऊ ते बारा वयोगटासाठी वीस हजार शब्दांच्या आसपास पुरे. प्रकरणं आटोपशीर, एका बैठकीत वाचून होतील अशी. पहिला खर्डा तपशील न तपासता सरळ लिहून काढा. जिथे शंका येईल तिथे फुली करा आणि पुढे जा. नंतर एका बैठकीत सगळ्या फुल्या सोडवा. लिहितानाच तपासत बसलात तर तिसऱ्या प्रकरणापलीकडे जाणार नाही.

दुसऱ्या वाचनात फक्त काळ तपासा: प्रत्येक वस्तू, प्रत्येक माप, प्रत्येक इंग्रजी शब्द. तिसऱ्या वाचनात मोठ्यानं वाचा. मुलांचं पुस्तक पुष्कळदा कुणीतरी वाचून दाखवतं, त्यामुळे जिभेवर अडखळणारं वाक्य काढून टाका.

मग चार-पाच मुलांना द्या, आणि त्यांत मुलगे असतील असं पाहा. मुलगी नायिका असलेलं पुस्तक मुलींसाठीच, हा समज मोडायचा तर सुरुवात इथूनच. आवडलं का, असं विचारू नका, मुलं सौजन्यानं हो म्हणतात. कुठे कंटाळा आला? भागूच्या जागी तू काय केलं असतंस? कुठलं खोटं वाटलं? हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं ऐकताना पुस्तकाची बाजू घेऊ नका.

दहावी पायरी: शेवटची टीप, आणि पाठवणं

पुस्तकाच्या शेवटी दोन पानांची टीप हवीच. भागू, गोदा आणि दुकानदार कल्पित आहेत. मुक्ता, सावित्रीबाई, जोतीराव, ‘ज्ञानोदय’ आणि वेताळ पेठेतली शाळा खरी आहे. निबंधातला कोणता मजकूर जसाच्या तसा घेतला. अवघड शब्दांचे अर्थ काय. मुलांना हे वाचायला आवडतं. गोष्ट संपल्यावर “हे खरंच झालं होतं?” हा प्रश्न त्यांच्या मनात असतोच, त्याला सरळ उत्तर द्या. मोडीतली चार-सहा अक्षरं छापता आली तर छापा, मुलं ती गिरवतील.

सगळी कादंबरी लगेच जमणार नाही असं वाटत असेल तर यातला एक प्रसंग, समजा धुळीतल्या अक्षरांचा, दीड-दोन हजार शब्दांच्या कथेत लिहा आणि मुलांच्या मासिकाकडे पाठवा. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आधी ते चाळा, कोणत्या वयाला कसं लिहिलं जातं ते पाहा. प्रकाशकाकडे कादंबरी पाठवताना पहिली तीन प्रकरणं, एका पानाचा सारांश आणि ती शेवटची टीप एकत्र पाठवा. टिपेवरून संपादकाला कळतं की तुम्ही किती कष्ट घेतले आहेत. चित्रकार ठरला की त्याला तुमची वस्तूंची वही द्या: दावं कसं दिसतं, केरसुणी कशी बांधतात, वाड्याचं मागचं दार किती उंचीचं असतं. भागूच्या हातात छापील वही-पेन्सिल आलेलं चित्र छपाईआधीच थांबवायचं असेल तर हे काम लेखकालाच करावं लागतं.